समुद्र आपला कोण लागतो?

समुद्राबद्दल प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात सांगितलं होतं. सर्वांत जास्त पत्रं सांगली-साताऱ्याकडून आली, याचा मला मनापासून आनंद झाला. मी मूळची सांगलीची. रसायनशास्त्र शिकले आणि नोकरीची सगळी वर्षं समुद्राचं पाणी तपासण्यात गेली, काही संशोधन जहाजांवर, बरीचशी किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत. आता विश्रामबागेत राहते. आलेल्या कितीतरी पत्रांची सुरुवात 'आमचा तसा समुद्राशी काही संबंध नाही' अशी आहे. उत्तरं वाचताना ते वाक्य तेवढं बाजूला ठेवा, अशी विनंती.

प्रश्न : आमची शाळा जत तालुक्याच्या पूर्व भागात. वर्गातल्या एकाही मुलानं समुद्र पाहिलेला नाही. उन्हाळ्यात गावाला टँकर लागतो. अशा मुलांपुढं लाटा, भरती-ओहोटी वाचून दाखवताना मलाच अवघडल्यासारखं होतं. सुरुवात कुठून करू?
(प्राथमिक शिक्षक, जत तालुका)

गुरुजी, टँकरपासूनच सुरुवात करा. टँकर का येतो, हा प्रश्न धरून मागं मागं गेलात की समुद्रच लागतो.

जूनमध्ये आपल्याकडे येणारा वारा निघतो पार मॉरिशसच्या बाजूच्या समुद्रावरून. केनिया-सोमालियाच्या किनाऱ्याजवळ तो विषुववृत्त ओलांडतो, उजवीकडे वळतो आणि अरबी समुद्रावरून वाफ उचलत कोकणात धडकतो. पुढं सह्याद्री आडवा. वारा वर चढतो, गार होतो आणि जवळचं बहुतेक पाणी घाटमाथ्यावर ओतून मोकळा होतो. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. माण, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हे सगळे तालुके या रित्या वाऱ्याच्या वाटेवर आहेत.

मग जतला पाऊस येतो कुठून? हे मुलांना घरी आजी-आजोबांना विचारायला सांगा. म्हातारी माणसं नक्षत्रांच्या हिशेबानं सांगतील : मृग-आर्द्रा हूल देतात, खरा भरवसा उत्तरा आणि हस्तावर. म्हणजे सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरची सुरुवात. त्या दिवसांत बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात, त्यातली काही आंध्र, तेलंगण, कर्नाटक ओलांडत आपल्या पूर्व भागापर्यंत पोहोचतात. तुमच्या शिवारातला शाळू ज्या ओलीवर उगवतो, ती ओल बऱ्याच अंशी त्या पूर्वेच्या समुद्राची देणगी आहे. म्हणून नकाशात रत्नागिरी दाखवून 'हा आपला समुद्र' एवढ्यावर थांबू नका. मुलांचं बोट धरून पूर्व किनाऱ्यावर न्या, मच्छलीपट्टणपर्यंत.

पुढचं काम मुलांचं. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली कापून पर्जन्यमापक करायचा, अंगणातल्या खांबाला रिबन बांधून वाऱ्याची दिशा बघायची. वहीत रोज तीन गोष्टी : तारीख, पाऊस, वारा. पेपरात 'उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र' अशी बातमी आली की ती कापून चिकटवायची आणि किती दिवसांनी आपल्या बाटलीत पाणी जमलं, ते शेजारी लिहायचं. काही वेळा थेंबही जमणार नाही, कारण ते क्षेत्र ओडिशावरून मध्य प्रदेशाकडं निघून गेलेलं असेल. तेही लिहू द्या. ज्या मुलानं अशी वही ठेवली, त्यानं समुद्र डोळ्यांनी पाहिला नसेल, पण समुद्र काय करतो हे त्याला किनाऱ्यावर फिरायला गेलेल्या पुष्कळ मोठ्या माणसांपेक्षा नीट ठाऊक असेल.

प्रश्न : नद्यांचं पाणी गोडं, सगळ्या नद्या समुद्राला मिळतात, मग समुद्र खारट कसा? नातू विचारतोय आणि मला सांगता येईना. आमची दोन एकर जमीन क्षारपडीत गेली, ती पण नदीच्याच पाण्यानं.
(ऊस उत्पादक शेतकरी, मिरज तालुका)

आबा, नातवाचं उत्तर त्या दोन एकरांतच आहे. त्याला तिथं घेऊन जा, उन्हाळ्याच्या तोंडावर, सकाळी.

ढेकळांच्या कडांवर आणि सरीच्या माथ्यावर पांढरा थर चढलेला दिसेल. बोटानं खरवडला तर पिठासारखा निघतो, खाली माती काळी आणि चिकट. हा थर कुणी आणून टाकलेला नाही. नदीचं पाणी गोडं लागलं तरी त्यात खडकांतून विरघळून आलेले क्षार असतात, लिटरमागं ग्रॅमचे काही दशांश भाग, जिभेला कळणारही नाहीत इतके. वर्षानुवर्षं पाटानं भरपूर पाणी दिलं, काळ्या भारी जमिनीत निचरा नव्हता, भूजल वर वर आलं. उन्हानं पाणी उडालं. क्षार उडत नाहीत. ते मागं राहिले, पुढच्या पाळीबरोबर आणखी आले, तेही राहिले.

समुद्रात हेच घडतं, फक्त कोट्यवधी वर्षं आणि सगळ्या पृथ्वीच्या आकारमानावर. नद्या क्षार आणतात, समुद्रतळाच्या भेगांतून आणि ज्वालामुखींतूनही ते येतात, सूर्य पाणी उचलून नेतो आणि क्षार तिथंच सोडतो. समुद्राच्या पाण्याला पुढं जायला वाट नाही. आज सरासरी एक किलो समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम क्षार आहेत. नातवाला लिटरभर पाण्यात सहा-सात छोटे चमचे मीठ विरघळवायला सांगा आणि बोटाचं टोक बुडवून चाखू द्या, गिळायचं नाही.

नातू हुशार असेल तर पुढचं विचारेल : मग समुद्र दरवर्षी जास्त जास्त खारट का होत नाही? हा प्रश्न मोठमोठ्यांना पडलेला आहे. जॉन जोली या आयरिश शास्त्रज्ञानं १८९९ मध्ये, नद्या दरवर्षी किती सोडियम आणतात आणि समुद्रात एकूण किती आहे, याचा भागाकार करून समुद्राचं वय काढलं. उत्तर आलं आठ-दहा कोटी वर्षं. खरं वय त्याच्या कितीतरी पट, चारशे कोटींच्या घरात. हिशेब चुकला, कारण समुद्र मीठ साठवतो तसं काढूनही टाकतो. शिंपले आणि प्रवाळ कॅल्शियम उचलून कवच बांधतात, सूक्ष्म शेवाळं सिलिका घेतात, बरेच क्षार तळाच्या चिखलात आणि खडकांत बसतात. उथळ समुद्र आटून मिठाचे जाड थर जमिनीत गाडले गेले आहेत, ते वेगळेच. आवक आणि जावक यांचा मेळ बसला आहे.

तुमच्या जमिनीत आवक आहे, जावक नाही. तिला तेवढंच हवं आहे. आधी माती आणि विहिरीचं पाणी तपासून घ्या, कारण नुसती क्षारपड आणि चोपण (सोडियम साचून घट्ट झालेली जमीन) यांचे उपाय निराळे. जिप्सम चोपणाला लागू पडतं, ते सरसकट टाकू नका. सच्छिद्र पाइपांचा भूमिगत निचरा खर्चिक आहे खरा, पण शेजारच्या दहा-वीस जणांनी मिळून केला तरच साधतो, कारण एकट्याच्या रानातलं पाणी सोडायचं कुठं हा प्रश्न उरतो. आणि उसाला पाणी कमी करा. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, तरी सांगते.

प्रश्न : सांगलीच्या गावभागात आमचं दुकान आहे. २०१९ ला सगळं पाण्यात गेलं. एवढं पाणी आलं कुठून आणि शेवटी गेलं कुठं?
(किराणा दुकानदार, सांगली)

आलं अरबी समुद्रातून, गेलं बंगालच्या उपसागरात. मधली वाट समजून घ्या, कारण तिच्यावर तुमच्या दुकानाचं पुढचं भवितव्य आहे.

महाबळेश्वरापासून अरबी समुद्र सरळ रेषेत ६०-६५ किलोमीटर. कृष्णा मात्र त्याच्याकडं पाठ फिरवून निघते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून आंध्र प्रदेशात हंसलादीवीजवळ समुद्राला मिळते. तिच्याच शेजारी उगम पावणारी सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटच्या खाडीत जाते. आणि कोयना दोन्हीकडं जाते. निसर्गानं तिला कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेच्या हवाली केलं, पण शिवसागर जलाशयातलं बरंच पाणी बोगद्यांतून सह्याद्रीखाली पोफळीच्या वीजघराकडं जातं, तिथून वाशिष्ठीत आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्रात. धरणाची क्षमता साधारण १०५ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि कृष्णा पाणीवाटप लवादानं पश्चिमेकडं वळवायला मान्य केलेलं पाणी ६७.५ टीएमसी.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या पुराला पुष्कळ कारणं होती : थोड्या दिवसांत झालेला बेसुमार पाऊस, धरणांतून सोडलेलं पाणी, सांगलीच्या आसपास नदीचा मंद उतार आणि तिची वळणं, पूररेषेतली बांधकामं. एकट्या समुद्रावर खापर फोडणं बरोबर नाही. पण एक गोष्ट मोजलेली आहे. १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधातल्या हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचं तापमान सरासरी एक अंशानं वाढलं. माणसानं वातावरणात अडकवलेल्या जास्तीच्या उष्णतेतली ९० टक्क्यांहून अधिक समुद्रांनी पोटात घेतली आहे. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते, आणि धरलेली वाफ कुठंतरी एकदम सोडते. गावभागातल्या दुकानदारानं नदीची पातळी बघावी तशी समुद्राच्या तापमानाची बातमीही वाचावी, असं मी म्हणते ते यासाठी.

आता ते पाणी गेलं तिकडं. वाटेत अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा. (अलमट्टीच्या वादात इथं शिरत नाही.) पुराच्या वर्षी दरवाजे उघडतात आणि नदी समुद्राला भेटते. दुष्काळी वर्षांत कृष्णा समुद्रापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही. गाळ तर धरणांतच बसतो, त्यामुळं मुखाजवळचा किनारा समुद्र कुरतडत चालला आहे. उसाला टाकलेल्या युरियातलं विरघळलेलं नत्र गाळासारखं सहज बसत नाही, त्यातलं काही पुराबरोबर पुढं जातं. खाडीत आणि किनाऱ्याजवळ त्यानं शेवाळ माजतं, मेलं की कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं.

आणि या नात्याची दुसरी बाजू मला सगळ्यात विलक्षण वाटते. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा या सगळ्या उपसागरात गोडं पाणी ओततात. त्यामुळं उपसागराचं वरचं पाणी अरबी समुद्रापेक्षा बरंच कमी खारट आहे. गोडं पाणी हलकं, ते वरच तरंगतं, खालच्या गार पाण्यात सहज मिसळत नाही. तो पातळ थर उन्हानं तापतो आणि तापलेलाच राहतो, २८ अंशांच्या वर. कमी दाबाची क्षेत्रं आणि वादळं अशाच उबदार पाण्यावर पोसतात. म्हणजे जतच्या गुरुजींना वर जो सप्टेंबरचा पाऊस सांगितला, तो घडवण्यात आयर्विन पुलाखालून गेलेल्या पाण्याचाही वाटा आहे, लहानसा का होईना.

एक विनंती कराड-पाटणच्या लोकांना. कुंभार्ली घाटात धबधब्यापाशी टाकलेली प्लेट आणि बाटली कृष्णेत येत नाही. ती पश्चिमेच्या उतारावरून वाशिष्ठीत जाते आणि त्याच पावसाळ्यात खाडीतल्या खारफुटीच्या मुळांत अडकू शकते.

प्रश्न : आमच्या मॅडम म्हणाल्या, निम्मा ऑक्सिजन समुद्रातून येतो. मग झाडं लावायची कशाला?
(इयत्ता सातवीची विद्यार्थिनी, मिरज)

बाळ, मॅडमचं बरोबर आहे, त्यात थोडी भर घालते.

पृथ्वीवर जेवढं प्रकाशसंश्लेषण होतं, त्यातलं जवळजवळ निम्मं समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती करतात. त्यांतली प्रोक्लोरोकॉकस (खरं तर ती एक जीवाणूच) ही तर इतकी बारीक की एका मिलिलिटर पाण्यात लाखाच्या घरात मावते. ती शास्त्रज्ञांना सापडलीच मुळी १९८० च्या दशकात. पण समुद्रात तयार झालेला बहुतेक प्राणवायू समुद्रातलेच जीव वापरून टाकतात. आपण श्वासात घेतो तो साठा कोट्यवधी वर्षांत जमलेला आहे, आणि त्याची पहिली जमवाजमव समुद्रातल्या अशाच जीवाणूंनी सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी सुरू केली.

झाडं लावायचीच. सावलीसाठी, माती धरून ठेवण्यासाठी, पाखरांसाठी. ऑक्सिजन संपेल म्हणून घाबरायचं कारण नाही.

समुद्रात मात्र प्राणवायू संपू शकतो, आणि ते मी माझ्या हातातल्या बाटलीत पाहिलं आहे. जहाजावरून खोल पाण्याचा नमुना वर आला की सगळ्यात आधी आम्ही काचेच्या छोट्या बाटलीत तो भरायचो, बुडबुडा राहू न देता. मग त्यात मँगनीजचं एक द्रावण आणि आयोडाइड घातलेलं दुसरं द्रावण सोडायचं, बूच लावायचं, बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर आत तपकिरी साका तयार होतो, चहाच्या गाळासारखा. वरच्या थरातल्या पाण्याच्या बाटल्या गडद तपकिरी व्हायच्या. अरबी समुद्राच्या मध्यभागी तीनशे मीटर खोलीवरचं पाणी आलं की साका पांढरा राहायचा, दुधाच्या सायीसारखा. म्हणजे प्राणवायू जवळजवळ नाहीच. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत असा थर आहे. तो निसर्गतःच आहे, पण समुद्र तापला की पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि वरचं पाणी खाली मिसळणंही मंदावतं. सुरमई, कुपा असले मोठे मासे त्या थरात फार वेळ राहू शकत नाहीत.

मॅडमना विचारून हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत करता येईल का बघ. विंकलरची पद्धत म्हणतात तिला. नमुना कृष्णा घाटावरचा आणि एखाद्या साचलेल्या नाल्याचा घ्या. रसायनं मोठ्यांच्या हातानंच.

प्रश्न : दरवर्षी सुट्टीत मुलांना कोकणात नेतो. लाटांत खेळणं, वाळूचा किल्ला, मासे खाणं, झालं. याहून काय दाखवावं?
(एक पालक, वाई)

मुलं लाटांत खेळतात ते चांगलंच आहे, ते थांबवू नका. फक्त एक दिवस ओहोटीचा ठेवा.

कोकणातली माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात, तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, तेव्हा ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-साडेपाचच्या आसपास. जागेनुसार थोडं मागंपुढं होतं, म्हणून गावातल्या कोळ्यांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. कॅलेंडर घरात आहेच. निघण्याआधी मुलांनाच हिशेब करू द्या आणि तिथं पोहोचल्यावर ताडून बघू द्या. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी सगळ्यात लांब ओसरतं, तेव्हा खडक उघडे पडतात. अष्टमीच्या भांगात, म्हणजे लहान भरती-ओहोटीत, ते एवढं मागं जात नाही.

अशा वेळी वाळूवर नका जाऊ, खडकाळ टोकाला जा. खळग्यात साचलेल्या पाण्याजवळ उकिडवं बसायचं आणि सावली न पाडता गप्प राहायचं. आधी काहीच दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो, आणि त्यात शंखातला जीव नसून खेकडा राहतो आहे हे कळतं. खडकाला चिकटलेलं समुद्रफूल हळूहळू बाहू उघडतं. कालवं दगडाला इतकी घट्ट असतात की दगडच वाटतात. खाडीच्या चिखलात निवट्या दिसतील, माशासारखा मासा, पण चिखलावर उड्या मारत चालणारा. हात लावायचा तर ओला करून, आणि उलटवलेला दगड परत होता तसा ठेवायचा. जिवंत शंख घरी आणायचे नाहीत.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहता येतात, नशीब असेल तर. ऑलिव्ह रिडले जातीची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांबरोबर २००२ पासून तिथं अंडी राखण्याचं काम उभं केलं. आणि वाईकरांसाठी खास : वेळास बाणकोटच्या खाडीजवळ आहे, म्हणजे महाबळेश्वरची सावित्री तिथंच समुद्राला मिळते. मुलांनी पंचगंगेच्या मंदिरात तिचं पाणी हातावर घेतलं असेलच.

प्रश्न : मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास कोकणचा. साताऱ्याचा त्यात काय भाग?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, सातारा)

मोठा भाग. शाहू महाराज साताऱ्याच्या गादीवर आले तेव्हा कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या पक्षात होते. १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून त्यांना शाहूंच्या बाजूला आणलं आणि सरखेलपद, म्हणजे आरमारप्रमुखाचं पद, साताऱ्याकडून कायम झालं. पुढं १७२९ मध्ये मृत्यू होईपर्यंत इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी यांच्याशी ते लढले, ते साताऱ्याच्या छत्रपतींचे सरखेल म्हणून. आंग्र्यांच्या नावाचा एक बुडालेला पठारी भाग, आंग्रिया बँक, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटरवर समुद्रात आहे. माथा पाण्याखाली सुमारे वीस मीटर, आणि त्यावर प्रवाळ. इतिहासाचा अभ्यास करताना त्या प्रवाळांबद्दलही वाचा.

प्रश्न : सांगलीच्या बाजारात आता बारा महिने पापलेट मिळतं. घ्यावं का?
(गृहिणी, सांगली)

ताई, तळहाताएवढं पिल्लू असेल तर घेऊ नका, स्वस्त मिळालं तरी. चंदेरी पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर झाला, तो घटत चालला म्हणूनच. अंडी घालण्याआधीच पकडलेला मासा पुढची पिढी ठेवत नाही. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून. म्हणून जुलैत समोर आलेला समुद्री मासा एकतर तिकडून आलेला किंवा बर्फात ठेवलेला, हे धरून चाला. त्या दोन महिन्यांत सुकट, बोंबील, सोडे घ्या, नाहीतर आपल्या तळ्यातले रोहू-कटला. एरवी बांगडा, तारली, मांदेली खुशाल आणा. मांदेली मोठी झाली तरी लहानच असते, तिच्याबद्दल मनात किंतु नको.

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. समुद्रविज्ञान शिकायचं म्हणते. आमच्या फलटणच्या बाजूला कुणी हे ऐकलेलं नाही. समुद्राकाठच्या मुलांनाच हे जमतं का?
(एक आई, फलटण)

मुळीच नाही. भारताच्या किनाऱ्यांना त्सुनामीचा इशारा देणारं आणि कोळ्यांना मासळी कुठं असेल याचा अंदाज पाठवणारं 'इन्कॉइस' हे केंद्र हैदराबादला आहे, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. तिथले लोक जगभर तरंगणाऱ्या सुमारे चार हजार अर्गो यंत्रांचे आकडे वाचतात. ती यंत्रं दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीवरून वर येतात आणि उपग्रहाला तापमान आणि क्षारता कळवतात. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेत तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेणारं 'मत्स्य ६०००' तयार होतंय. तिथं यंत्र अभियंते लागतात, धातूशास्त्र येणारे लागतात, डॉक्टर लागतात.

बारावीला गणित सोडू देऊ नका. पुष्कळ मुली जीवशास्त्राच्या ओढीनं सोडतात आणि मग प्रवाह, लाटा, हवामान हे दरवाजे बंद होतात. पुढं भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र यांत बी.एस्सी., मग गोवा विद्यापीठ, कोचीचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ किंवा विशाखापट्टणचं आंध्र विद्यापीठ, इथं समुद्रविज्ञानात एम.एस्सी. मासेमारी आणि मत्स्यशेतीची आवड असेल तर रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथं बारावीनंतरच प्रवेश होतो. प्रवेशाचे नियम दरवर्षी बदलतात, ते त्या त्या संकेतस्थळावरच पाहा.

जहाजावर काम करायचं तिच्या मनात असेल तर पोहायला शिकवा, या उन्हाळ्यातच. आणि तिला मला स्वतः पत्र लिहायला सांगा. तिला नेमकं काय आवडतं, पाणी, मासे, की पाऊस, हे तिच्याच शब्दांत वाचलं की मला पुढचं नीट सांगता येईल.